अथ ट्रिव्हियलमीमांसा

शास्त्रग्रंथाला हात घालण्याआधी त्याचे चार अनुबंध सांगावेत, अशी आपल्याकडची जुनी शिस्त आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत ग्रंथाचा विषय 'ट्रिव्हियल' हे इंग्रजी विशेषण. प्रयोजन काही नाही; असते तर विषयाशी प्रतारणा झाली असती. संबंध असा, की हे विशेषण ज्याला लागते त्याचा कशाशीच संबंध नसतो, असे ते लावणाऱ्याचे म्हणणे असते. राहिला अधिकारी, म्हणजे ग्रंथ वाचायला पात्र कोण. ज्याने गॅसवर दूध ठेवलेले नाही, ज्याची रिक्षा खाली थांबलेली नाही आणि ज्याच्या ऑफिसात मार्चएन्ड चालू नाही, असा कोणीही सुजाण मनुष्य.

विशेषण परके, पण आता घरात वावरते आहे. मुलगी आईला म्हणते, 'अगं, ट्रिव्हियल गोष्टींवरून इश्यू करू नकोस.' साहेब हाताखालच्याला म्हणतात, 'ही ट्रिव्हियल क्वेरी माझ्यापर्यंत का आली?' नवरा बायकोला हेच म्हणतो आणि त्या संध्याकाळी स्वतः कुकर लावतो. इतक्या ठिकाणी चालणाऱ्या शब्दाचा शास्त्रशुद्ध विचार कोणी तरी करायलाच हवा होता. इतर विद्वान महत्त्वाच्या कामांत असल्यामुळे तो आमच्या वाट्याला आला.

प्रथम व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये 'त्रि' म्हणजे तीन आणि 'विया' म्हणजे वाट. तीन वाटा मिळतात ती जागा ट्रिवियम. कोकणात तिला तिठा म्हणतात, कोल्हापुरात तिकटी. मिरजकर तिकटी आणि माळकर तिकटी ही त्या शहरातली रोजच्या पत्त्यातली नावे आहेत. तेव्हा 'ट्रिव्हियल'चा अस्सल मराठी अर्थ 'तिठ्यावरचे'. रोमन माणूस या शब्दाने रस्त्यावर मिळणारे, चारचौघांच्या तोंडी असलेले, असे काहीतरी सुचवायचा. त्यात तुच्छता होतीच. पण तिठा पाहिलेला माणूस ती सहजासहजी मान्य करणार नाही. तिठ्यावर माणसे थांबतात, कारण कोणत्या वाटेने जायचे हे ठरवायचे असते किंवा एसटी आलेली नसते. थांबली की बोलतात. तालुक्यात कोणाची सोयरीक जमली, कोणाची मोडली, कोणाच्या आंब्याला किती दर आला आणि पुढचा सरपंच कोण, हे सारे तिठ्यावरच्या टपरीत आधी ठरते आणि मग संबंधितांना कळते.

याहून वजनदार पुरावा धर्मशास्त्राचा. ग्रीकांची हेकेटी नावाची देवता तिठ्यावर राहायची, आणि अमावास्येच्या रात्री तिच्यासाठी अन्न नेऊन तिठ्यावर ठेवायचे, अशी तिकडची रीत होती. रोमनांनी डायनाला 'ट्रिविया' हेच बिरुद दिले. म्हणजे हा शब्द काही काळ चक्क देवीचे नाव होता. आपल्याकडे अमावास्येला तिठ्यावर काय ठेवतात हे सांगायला नको. दहीभात, लिंबू, कधी नारळ. आणि उतारा ठेवून परतणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही. अथेन्स आणि आपले कोकण यांच्यात कोणी कोणाकडून काय उचलले या वादात आम्ही पडत नाही. ज्यांना 'ट्रिव्हियल' हा शब्द फारच हलका वाटतो त्यांनी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावरचा लिंबू ओलांडून दाखवावा, एवढेच म्हणतो.

मध्ययुगीन युरोपात शब्द तिठ्यावरून उठून पाठशाळेत गेला. तिकडच्या सात विद्यांपैकी पहिल्या तीन, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व, यांना मिळून ट्रिवियम म्हणू लागले. वरच्या चार, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल, या क्वाड्रिवियम. खालच्या वर्गाचा अभ्यास म्हणून पहिल्या तिघांना पुढच्या वर्गातली मुले नाक मुरडत असणार. वरच्या वर्गाने खालच्याला हसायचे हा शिक्षणाचा जगभरचा नियम आहे. आपल्याकडे नुसत्या व्याकरणाला बारा वर्षे लागतात असे सांगत, आणि न्यायशास्त्रात शिरलेला विद्यार्थी कधी बाहेर आला हे त्याच्या घरच्यांनाही नीटसे कळत नसे. असे हे ट्रिव्हियल विषय. 'बिनमहत्त्वाचे' हा आजचा अर्थ इंग्रजीत सोळावे शतक संपता संपता रुळला.

आता मराठीतले भाऊबंद. फालतू, फुटकळ, चिल्लर, सटरफटर, बारीकसारीक, किरकोळ, क्षुल्लक. सगळे एकाच अर्थाचे आहेत असे ज्याला वाटते त्याने 'फुटकळ कविता' ऐवजी 'फालतू कविता' असे कवीच्या तोंडावर म्हणून पाहावे. चिल्लर कंडक्टरला हवी असते आणि आपल्याकडे नसते, यापलीकडे तिचे तत्त्वज्ञान नाही. थांबावेसे वाटते ते शेवटच्या दोघांपाशी.

'क्षुल्लक' हा शब्द शहरी माणूस नाक वर करून वापरतो. पण कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात 'क्षुल्लक महाराज आलेत' असे कोणी सांगितले, तर दिगंबर जैन घरांत धावपळ सुरू होते. चौका स्वच्छ होतो, आहाराची तयारी होते, माणसे वाकून नमस्कार करतात. घरदार, धंदा, जमीनजुमला सोडून लंगोटी आणि अंगावरचे एक वस्त्र एवढ्यावर आलेल्या साधकाला क्षुल्लक म्हणतात. पुढची पायरी ऐलकाची, आणि त्यापुढे मुनिदीक्षा. म्हणजे एकाच भाषेत, एकाच जिल्ह्यात, हा शब्द दुपारी कारकुनाच्या अर्जावर शेरा म्हणून पडतो आणि सकाळी त्याच्या पाया पडायला रांग लागलेली असते. कोशकारांनी दोन अर्थ दोन आकडे घालून वेगळे केले आहेत. आमच्या मते त्यांनी घाई केली.

'किरकोळ' मुळात व्यापारी. किरकोळ विक्री, किरकोळ दर. शिक्षकांच्या तोंडी किरकोळ रजा. पण त्याचा खरा पराक्रम वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दिसतो: 'किरकोळ कारणावरून तरुणावर कोयत्याने वार'. हा मथळा इतका रुळला आहे की बाकीचा मजकूर वाचायची गरज उरत नाही. तरी वाचावा. तिसऱ्या परिच्छेदात कारण असते: गाडी आडवी लावली, डीजेचा आवाज कमी कर म्हणाला, 'माझ्याकडे का बघतोस?'. इथे दर्शनशास्त्राची पंचाईत होते. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो, की कार्य हे कारणात आधीपासूनच असते. तिळात तेल असते म्हणून तेल निघते. मग किरकोळ कारणातून कोयता कसा निघाला? एक तर कारण किरकोळ नव्हते, नाही तर सांख्यदर्शन निकालात निघाले. आणखी एक बारकावा. 'किरकोळ' हे विशेषण मारणाऱ्याने दिलेले नसते आणि मार खाणाऱ्यानेही दिलेले नसते. ते पोलीस ठाण्यात चहा घेत बसलेल्या वार्ताहराने दिलेले असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता लक्षण, म्हणजे व्याख्या. नैयायिकांनी व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. आम्ही जमवलेल्या व्याख्यांना पहिले दोन लगेच भेटले.

पहिली व्याख्या: ज्याने काही बिघडत नाही ते ट्रिव्हियल. आमच्या शेजारचे आप्पा हे हिचे उदाहरण आणि तेच तिचे खंडन. आप्पांनी साठीनंतर टूडी एको करून घेतला. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत आले: 'ट्रिव्हियल टी. आर.' म्हणजे हृदयाच्या ट्रायकस्पिड झडपेतून उलटी जाणारी रक्ताची बारीकशी धार. मशीन चांगले असेल तर धडधाकट माणसांपैकी बहुतेकांच्या हृदयात ती दिसते; ट्रिव्हियल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर या उतरंडीत ती सर्वांत खालची. डॉक्टर म्हणाले, 'काका, हे निम्म्या गावाच्या हृदयात सापडेल.' आप्पा म्हणाले, 'निम्म्या गावाचं हृदय माझ्या छातीत नाही, डॉक्टर.' तेव्हापासून आप्पा जिना चढत नाहीत, मुलाने केरळचे बुकिंग रद्द केले आणि वहिनींनी शेंगदाण्याची चटणी बंद केली. झडपेने काहीच बिघडवले नव्हते. बिघडवले ते विशेषणाने. ट्रिव्हियल असूनही लक्षण लागू पडले नाही, म्हणून अव्याप्ती.

दुसरी व्याख्या: जे सोपे ते ट्रिव्हियल. ही गणितज्ञांची. गणिताच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक कथा आहे. प्राध्यापक फळ्यावर एक पायरी लिहून म्हणतात, 'हे ट्रिव्हियल आहे.' मग थांबतात, कपाळाला आठ्या घालतात, वर्गाबाहेर जातात, बऱ्याच वेळाने परत येतात आणि सांगतात, 'हो, ट्रिव्हियलच आहे.' रिचर्ड फाइनमन यांनी तर गणितज्ञांना चिडवले होते, की सिद्ध झालेले प्रत्येक प्रमेय तुम्ही ट्रिव्हियल म्हणता, तेव्हा तुम्ही फक्त ट्रिव्हियल प्रमेयेच सिद्ध करू शकता. रीमानने १८५९ मध्ये ज्या झीटा फलाचा विचार मांडला त्याची शून्ये दोन प्रकारची आहेत. उणे दोन, उणे चार, उणे सहा अशी अनंत शून्ये ट्रिव्हियल. बाकीची अनंत शून्ये तशी नाहीत, आणि ती सगळी एका रेषेवर आहेत हे सिद्ध करणाऱ्याला क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलर लावले आहेत. पहिली शून्ये ट्रिव्हियल का, एवढे नीट समजायलाही माणसाला काही वर्षे कॉलेजात काढावी लागतात. पुन्हा अव्याप्ती. शिवाय सही करणे सोपे असते, पण खरेदीखतावर केलेली सही ट्रिव्हियल नसते. म्हणजे अतिव्याप्तीही आलीच.

तिसरी व्याख्या सरकारी आहे, म्हणून तिला बसायला खुर्ची दिली पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ९५ आणि आता त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३३ असे सांगते, की साधारण समज आणि साधारण स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी अल्प हानी हा गुन्हा नव्हे. हे कलम का लागते, याची उदाहरणे मेकॉले आणि मंडळींनी १८३७ च्या मसुद्याच्या टिपांत दिली होती आणि ती या सबंध विषयातली सर्वांत रसाळ जागा आहे. दुसऱ्याच्या दौतीत आपली लेखणी बुडवणे म्हणजे शब्दशः पाहिले तर चोरी. पत्र चिकटवायची त्याची टिकली चुरगाळणे म्हणजे नुकसान. घोडा दौडवत जाऊन त्याच्यावर धूळ उडवणे म्हणजे हल्ला. गाडीत चढताना त्याला अंगाने दाबणे म्हणजे दुखापत. भारतात पहिली प्रवासी रेल्वे धावायला तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता आणि विरार लोकल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तरी ही सवलत आधीच लिहून ठेवली गेली होती. ती नसती, तर सकाळी साडेआठला दादर स्टेशनवरचा प्रत्येक माणूस एकाच वेळी फिर्यादी आणि आरोपी ठरला असता.

पण या व्याख्येचा सगळा भार 'साधारण स्वभावाचा माणूस' या पात्रावर आहे. आम्ही त्याला पुष्कळ शोधले. दारापुढे ठेवलेल्या चपलांच्या बाबतीत तो आमच्या इमारतीत नाही. खिडकीच्या सीटच्या बाबतीत तो कोणत्याही एसटीत नाही. तेव्हा हा तिसरा दोष, असंभव.

पूर्वपक्ष संपला. सिद्धान्त असा. वैशेषिकांनी चोवीस गुण सांगितले, त्यांत परत्व आणि अपरत्व असे दोन आहेत, म्हणजे दूरपण आणि जवळपण. 'ट्रिव्हियल' हा वस्तूचा रंग, रस, गंध यांपैकी कोणताच गुण नाही. बोलणारा त्या वस्तूपासून किती लांब उभा आहे, त्याचे ते माप आहे. झडप आप्पांची, विशेषण डॉक्टरांचे. कोयता त्या दोघांचा, 'किरकोळ' वार्ताहराचे. म्हणूनच हा शब्द उतारावरून खाली वाहतो. साहेब कारकुनाच्या शंकेला ट्रिव्हियल म्हणू शकतात. कारकून साहेबांच्या शंकेला म्हणाला तर त्याची बदली गडचिरोलीला होते. उत्तमपुरुषी प्रयोग दुर्मीळ, आणि तो बहुधा आयांच्या तोंडी: 'काही नाही रे, किरकोळ भाजलंय.' हा प्रयोग ऐकल्यावर हात बघावा. नियम उलटा लागू होतो.

सिद्धान्तावर एक बलवान आक्षेप येतो, नॉर्थकोट पार्किन्सन यांचा. त्यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात एका समितीची कल्पित बैठक रंगवली. एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण ती कोणालाच कळत नाही. कारकुनांच्या सायकलींसाठी साडेतीनशे पौंडांची शेड पाऊण तास चालते. वर्षाला एकवीस पौंडांच्या कॉफीवर सव्वा तास जातो. विषय जितका ट्रिव्हियल तितका वेळ जास्त, हा त्यांचा नियम, आणि जग तो हसत हसत मानते.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरातले रविवार हे या नियमाचे प्रयोगशाळेचे दिवस. ताळेबंद आणि नफातोटा पत्रक 'वाचले असे समजून' मंजूर होतात. स्ट्रक्चरल ऑडिटचा चाळीस पानी अहवाल 'कमिटी बघेल' म्हणून खाली जातो. मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय येतात आणि इतका वेळ मोबाइलमध्ये डोके घातलेली माणसे ताठ बसतात. गच्चीवर पापड कोणी वाळत घालायचे. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या मजल्याचे नाव घ्यायचे की नुसते 'काही सभासद' म्हणायचे. गेटवरच्या पाटीत 'सोसायटी'ला 'सो.' लिहिले तर चालते का. दोन निवृत्त मुख्याध्यापक असतील तर हा विषय पुढच्या वर्षावरही जातो. पार्किन्सन यात समितीचा मूर्खपणा पाहतात. आम्हाला तो दिसत नाही. ताळेबंद सभासदांपासून लांब आहे, कबुतरे खिडकीशी आहेत. माणसे जवळच्या विषयावर बोलतात, आणि लांबच्या खुर्चीवर बसलेला ऑडिटर घड्याळ बघत मनात तेच विशेषण म्हणतो.

आता लिनीयसकडे, कारण त्याच्याकडे या शब्दाला मिळालेला मान दुसरीकडे क्वचितच मिळाला. १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथापर्यंत वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे एक सबंध लॅटिन वाक्यखंड असे. टोमॅटोचे नाव साधारण असे होते: काटे नसलेल्या मऊ खोडाचे, पिसासारख्या चिरलेल्या पानांचे, साध्या घोसांचे सोलॅनम. मंडईत हे नाव घेऊन अर्धा किलो मागेपर्यंत दुकानदार शटर ओढेल. लिनीयसने ही भारदस्त नावे ठेवलीच, पण शेजारी समासात, सोयीसाठी, प्रत्येक जातीला एकेक सुटा शब्द टाकला आणि त्याला म्हटले 'नोमेन ट्रिव्हियाले', म्हणजे ट्रिव्हियल नाव. आंब्याच्या 'मँजिफेरा'पुढचे 'इंडिका' हे तसले. पुढे भारदस्त नावे कोणी म्हणेना आणि समासातला शब्द राहिला. आज जगातल्या प्रत्येक वनस्पतीच्या आणि प्राण्याच्या नावात दुसरा शब्द हा त्याचा वारस आहे. रसायनशास्त्रातही पद्धतशीर नावांच्या शेजारी 'ट्रिव्हियल नावे' आहेत. युरियाचे पद्धतशीर नाव कार्बोनिक डायअमाइड. कृषी सेवा केंद्रात ते मागून पाहायला हरकत नाही, फक्त पेरणीच्या घाईत नको.

राहता राहिले देवळालीचे एक शाळामास्तर. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. पुढचे गणिती शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. त्यांनी सांगितले, की कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ केले तरी ६१७४च. कोणत्याही वाटेने जा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत या एकाच आकड्यावर येता. विद्यापीठातल्या बहुतेकांनी हा नाद गांभीर्याने घेतला नाही. कापरेकरांचे लेखन बरेचसे लहानसहान नियतकालिकांत आणि पदरमोड करून काढलेल्या पुस्तिकांत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव देशोदेशीच्या आकडेवेड्यांत गेले. ६१७४ ला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

या रीतीला अपवाद आहे, ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंतच्या नऊ संख्यांचा. त्यांचे अंक उतरते लावले काय, चढते लावले काय, संख्या तीच राहते आणि वजाबाकी शून्य येते. गणितात अशा संख्यांना ट्रिव्हियल म्हणतात.